अंगात मुरलेली मोहिनी



समुद्रमंथनाची कथा आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. अमृत वाटण्यासाठी श्रीविष्णूंनी मोहिनीचे रूप घेतले. नेवाशाचा मोहिनीराज आणि गोव्यातील मार्दोळची म्हाळसा ही त्याच रूपाची आपली दैवते. केरळात याच मोहिनीच्या नावाचे एक शास्त्रीय नृत्य आहे, मोहिनीआट्टम. ‘आट्टम’ म्हणजे नृत्य.

हे नृत्य परंपरेने स्त्रियांचे, आणि बहुधा एकटीने करायचे. पांढरट वस्त्राला सोनेरी काठ, डाव्या बाजूला अंबाडा आणि त्यावर गजरा. गुडघे वाकवलेले असतात आणि कमरेवरचे अंग वाऱ्यावर डोलणाऱ्या भातासारखे झुलते. उड्या नाहीत, पाय आपटणे नाही. बघताना सोपे वाटते. पण वाकलेल्या गुडघ्यांवर शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर सावकाश न्यायला मांड्यांत ताकद आणि तोल दोन्ही लागतात. (गुडघेदुखी असलेल्यांनी घरी करून पाहू नये!)

त्रावणकोरचे राजे स्वाती तिरुनाळ (१८१३–१८४६) यांनी या नृत्याला आश्रय दिला. पुढे आश्रय गेला, नाचणाऱ्या स्त्रियांना नावे ठेवली गेली आणि घरंदाज कुटुंबांनी पाठ फिरवली. कवी वळ्ळत्तोळ नारायण मेनन यांनी १९३० साली केरळ कलामंडलम ही संस्था सुरू केली आणि तिथे या नृत्याला पुन्हा जागा मिळाली. तरी जुन्या पद्धतीचे बरेचसे ज्ञान मोजक्या स्त्रियांच्या अंगातच राहिले होते.

१९७०-७१च्या सुमारास मुंबईच्या डॉ. कनक रेळे केरळात गेल्या. त्यांनी कायद्याची पदवी घेतली होती आणि पुढचे शिक्षण मँचेस्टरला केले होते. कुंजुकुट्टी अम्मा, चिन्नम्मू अम्मा आणि कल्याणीकुट्टी अम्मा या बुजुर्ग कलावतींचे नृत्य त्यांनी फिल्मवर उतरवून घेतले, त्याचा अभ्यास केला आणि पुढे मुंबईच्या नालंदा संस्थेत पिढ्या घडवल्या. २०२३ साली त्या गेल्या. २०२४ साली कलामंडलमने मोहिनीआट्टमचे वर्ग मुलांसाठीही खुले केले.

हे वाचताना मला माझ्या सासूबाई आठवल्या. शेवटच्या वर्षांत त्या मला ओळखत नसत. मी तीस वर्षे जी.पी. म्हणून काम केलेली. आज वार कोणता, पंतप्रधान कोण, तीन शब्द लक्षात ठेवा, असे प्रश्न मी त्यांनाही विचारले आणि दर वेळी गुण कमी झाल्याची नोंद केली. एकदा देवापुढे कापूस राहिला होता. त्यांनी तो उचलला आणि बघता बघता वीस वाती वळल्या, सगळ्या सारख्या. नावे आणि प्रसंग लक्षात ठेवणारा मेंदूचा भाग वेगळा आणि हातांच्या सवयी सांभाळणारा वेगळा, हे मी कॉलेजात शिकले होते. पण काय गेले याचीच मी मोजदाद करत बसले. काय उरले आहे, हे विचारायचे राहूनच गेले. त्यांच्या जात्यावरच्या ओव्या आज घरात कोणालाच येत नाहीत.

म्हणून एक विनंती. गुरुवारच्या ज्येष्ठांच्या मेळाव्याला यायची इच्छा असूनही गाडी नसल्याने घरी राहणारे सभासद बरेच आहेत. त्यांना आणण्या-नेण्यासाठी स्वयंसेवक हवेत, आणि टॅक्सीच्या खर्चासाठी कल्याण निधीला हातभार हवा. तरुण मंडळींनी फोन घेऊन यावे आणि आजी-आजोबांच्या ओव्या, भूपाळ्या, रांगोळ्या, वाती वळणारे हात टिपून ठेवावेत.

आणि ज्येष्ठांनो, ‘आम्हाला काय येतंय?’ असे म्हणून मागे राहू नका. येताना थोडा कापूस आणा. मलाही अजून वाती नीट वळता येत नाहीत.