तो दिवस आणि आपलें आजचें काम

शास्त्रपाठ : मत्तय २५:१-१३, १ थेस्सल. ५:१-११, २ थेस्सल. ३:६-१३.

प्रभूचें पुनरागमन हा आमच्या विश्वासाचा एक आधारस्तंभ आहे. तथापि ह्या विषयासंबंधानें मंडळ्यांमध्यें दोन दोष आढळून येतात. कोणी तो दिवस अगदीं विसरून जातात. कोणी त्याचा हिशेब मांडीत बसतात. युद्ध, दुष्काळ अथवा सांथ आली म्हणजे आवई उठते कीं, आतां जगाचा शेवट होणार. आणि भोळा शेतकरी भाऊ, पेरणीचें बीं ठेवावें कीं विकून टाकावें, ह्या विवंचनेंत पडतो. म्हणून जागृतीचा खरा अर्थ काय, ह्याचा विचार आपण ह्या पाठांत करूं.

१. हिशेब मांडणाऱ्यांची गत. अमेरिकेंतील न्यूयॉर्क संस्थानांत विल्यम मिलर नांवाचा एक शेतकरी होता. तो पुढें बॅप्टिस्ट उपदेशक झाला. दानीएलाच्या ८ व्या अध्यायांतील २३०० दिवस म्हणजे तितकीं वर्षें असें समजून व तीं ख्रिस्तपूर्व ४५७ पासून मोजून, प्रभु १८४३-४४ च्या सुमारास येईल असें त्यानें ठरविलें. ती मुदत टळल्यावर त्याच्या अनुयायांनीं २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस नेमला. हजारों लोक वाट पाहूं लागले. कित्येकांनीं शेतांतील पीकही काढिलें नाहीं. तो दिवस मावळला, रात्र सरली, आणि सूर्य नेहमींप्रमाणें उगवला. लोकांच्या दुःखास पारावार राहिला नाहीं. पुष्कळांचा विश्वास खचला. मिलर लबाड नव्हता. त्यानें आपली चूक कबूल केली, आणि १८४९ सालीं तो वारला तो प्रभूच्या आगमनाची आशा धरूनच. त्याची प्रीति खोटी नव्हती, पण पित्यानें जें आपल्या अधिकारांत ठेविलें आहे (प्रे. कृ. १:७), तें तो मोजावयास गेला.

२. थेस्सलनीकाची मंडळी. हा दोष नवा नाहीं. मासेदोनियांतील ह्या शहरच्या मंडळींत कित्येक लोक काम टाकून रिकामे फिरत व दुसऱ्यांच्या कामांत लुडबूड करीत. प्रभूचा दिवस येऊन ठेपला, ह्या बातमीनेंही ती मंडळी घाबरून गेली होती (२ थेस्सल. २:२). पौलानें त्यांस काय सांगितलें? तारीख सांगितली नाहीं. त्यानें निवांतपणें काम करून स्वतःची भाकर खावी, असें बजाविलें. आणि तो स्वतः त्यांच्यामध्यें असतां रात्रंदिवस हातांनीं श्रम करीत होता, ह्याची आठवण दिली.

३. दिवे आणा. १९ मे १७८० रोजीं अमेरिकेच्या ईशान्य भागांत भर दुपारीं काळोख पडला. कोंबड्या खुराड्यांत शिरल्या; न्यायाचा दिवस आला असें लोकांस वाटलें. त्या वेळीं कनेक्टिकटची कायदेसभा हार्टफर्ड येथें भरली होती. एक सभा तहकूब झाली. दुसरीही तहकूब करावी असें निघालें. तेव्हां अब्राहाम डॅव्हनपोर्ट नांवाच्या सभासदानें हरकत घेतली. त्याच्या बोलण्याचा आशय असा होता कीं, तो दिवस आला नसेल तर उठण्याचें कारण नाहीं. आला असेल तर आपण आपल्या कामावर सांपडावें हेंच बरें. म्हणून दिवे आणवावे. तो काळोख अरण्यांतील वणव्यांच्या धुरानें पडला होता, असें पुढें शोधांतीं दिसून आलें. परंतु तो खरोखर शेवटचा दिवस असता, तरी ह्या मनुष्यास लाजण्याचें कारण नव्हतें.

४. उसनें न मिळणारें तेल. दृष्टांतांतील दहाही कुमारींस झोंप लागली, हें लक्ष्यांत ठेवावें. फरक झोंपेंत नव्हता, तेलांत होता. मीठ-पीठ शेजारणीकडून उसनें आणतां येतें. हें तेल येत नाहीं. पाळकाची प्रार्थना मंडळीच्या, किंवा बापाचा विश्वास मुलाच्या दिवटींत ओततां येत नाहीं. तें तेल दररोज थोडें थोडें सांठवावें लागतें.

जोंधळा दाण्यास आला म्हणजे राखणदार गोफण घेऊन माळ्यावर बसतो. पांखरांचा थवा कोणत्या घटकेस उतरेल हें त्यास ठाऊक नसतें. म्हणूनच तो पहांटेपासून बसतो. घटका ठाऊक असती, तर तो बाकीचा वेळ निजून काढता. प्रभूनें वेळ गुप्त ठेविली, तींत त्याची कृपाच आहे.

तर, प्रियहो, आज रात्रीं आरोळी झाली तर आपण कसे सांपडूं? बांधाच्या तंट्यावरून सख्ख्या भावाशीं धरलेला अबोला अजून तसाच आहे काय? मजुराची अडकवून ठेविलेली मजुरी (याकोब ५:४) आपल्याच कनवटीस आहे काय? घरांतील प्रार्थना बंद पडून किती दिवस झाले? ह्या गोष्टी नीट करावयास कोणताही हिशेब मांडावा लागत नाहीं. दिवस मावळण्यापूर्वीं भावाच्या दारीं गेलें म्हणजे झालें.

मंडळींत विचारावयाचे प्रश्न :
(१) दिवस व घटका आपल्यापासून गुप्त ठेवण्यांत आपलें कोणतें हित आहे?
(२) शहाण्या कुमारींनीं तेल कां दिलें नाहीं?
(३) ह्या आठवड्यांत मला कोणाच्या दारीं गेलें पाहिजे?

प्रार्थना : हे प्रभो, तूं येशील तेव्हां आमच्या हातांत तुझें काम व अंतःकरणांत तुझी प्रीति असूं दे. आमेन.