घोड्याचा पावसाळी रग: विकण्याआधी पारखायला शिका



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण 'छोटं मार्केट, पक्कं गिऱ्हाईक' या विषयावर बोललो आणि उदाहरण घेतलं घोड्यांच्या वॉटरप्रूफ रगचं. मालाची पारख कशी करायची, हा भाग मुद्दाम लेखासाठी ठेवला होता, कारण तो वही-पेन घेऊन वाचायचा आहे.

हा माल फसवा आहे. फोटोत सगळे रग सारखेच दिसतात आणि सप्लायर सगळ्यांनाच 'हंड्रेड पर्सेंट वॉटरप्रूफ' म्हणतो. तुम्ही पहिल्या लॉटमध्ये चाळीस-पन्नास हजार घालता. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस पडतो आणि रग खांद्यावर गळतो. घोडेवाले एकाच स्टँडवर उभे असतात, रोज एकमेकांशी बोलतात. एकाची तक्रार संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळते आणि तो स्टँड तुमच्यासाठी बंद होतो. म्हणून आज विक्रीचं तंत्र बाजूला ठेवू आणि पारख शिकू.

१. आधी वस्तू समजून घ्या

घोडा तबेल्याबाहेर मोकळा सोडतात, त्याला टर्नआउट म्हणतात. त्या वेळी अंगावर घालायची पावसाळी झूल म्हणजे टर्नआउट रग. इंग्लंड-आयर्लंडसारख्या देशांत घोडे थंडी-पावसात कुरणावर उभे असतात, तिथे या वस्तूची मोठी बाजारपेठ आहे. पूर्वी तिकडे जाड कॅनव्हासचा, आतून लोकरीचं अस्तर असलेला 'न्यूझीलंड रग' चालायचा. भिजला की तो भलताच जड व्हायचा. आता पॉलिएस्टर किंवा नायलॉनचं कापड असतं आणि त्याला आतून पाणी अडवणारं कोटिंग असतं.

इथेच पहिला धडा. तिकडचा पाऊस थंड, आपला पाऊस उबदार आणि दमट. तिकडे सर्वांत जास्त खपणारा रग आपल्याकडे घोड्याला उकडून काढू शकतो. कॅटलॉगमधला 'बेस्ट सेलर' बघून ऑर्डर देऊ नका.

आणखी एक, हा रग खोगिराखाली घालायचा नसतो. घोडा उभा असताना, चरताना किंवा रात्री उघड्यावर बांधलेला असताना तो वापरतात. गिऱ्हाईकाला हे आधीच सांगा.

२. लेबलवरचे चार आकडे

डेनियर. ९,००० मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितका डेनियर. आकडा मोठा, म्हणजे धागा जाड. रगमध्ये साधारण ६००, १,२०० आणि १,६८० डेनियर दिसतात. एकटा उभा राहणाऱ्या शांत घोड्याला ६०० चालतो. चार घोडे एकत्र असतील, एकमेकांना चावत असतील, कुंपणाला अंग घासत असतील, तर १,२०० घ्या. १,६८० अगदी फाडू घोड्यासाठी. 'रिपस्टॉप' विणीचं कापड मिळालं तर उत्तम. त्यात ठरावीक अंतरावर जाड धाग्यांची चौकट असते, त्यामुळे छोटं भोक पडलं तरी ते पुढे फाटत जात नाही.

लक्षात ठेवा, डेनियर मजबुती सांगतो. पाणी अडेल की नाही, हे तो सांगत नाही.

वॉटरप्रूफ रेटिंग. हे मिलिमीटरमध्ये असतं. कापडावर पाण्याचा उभा स्तंभ धरतात आणि किती उंचीला पाणी आरपार येतं ते बघतात. ३,००० मिमी म्हणजे ३ मीटर उंच स्तंभाचा दाब ते कापड सोसतं. याचा पावसाच्या आकड्याशी संबंध नाही. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिमीहून जास्त पाऊस पडतो, म्हणून रगही ५,००० चाच हवा असं काही नसतं. ३,००० चांगला मानतात. मात्र सप्लायरकडे टेस्ट रिपोर्ट मागा. आयएसओ ८११ ही त्या चाचणीची पद्धत आहे. रिपोर्टवर हे नाव, कापडाचा प्रकार आणि तारीख तपासा.

ब्रीदेबिलिटी. एक चौरस मीटर कापडातून २४ तासांत किती ग्रॅम वाफ बाहेर जाते, तो हा आकडा. आपल्याकडे हा सगळ्यात महत्त्वाचा. घोडा आपल्यासारखाच घाम गाळून अंग थंड ठेवतो. ताडपत्रीही वॉटरप्रूफच असते ना? पण ती घोड्यावर टाकली तर पाऊस बाहेर अडतो आणि घाम आत साचतो. घोडा भिजतोच, फक्त आतून. इथेही ३,००० किंवा त्याहून जास्त आकडा शोधा.

फिलिंग. आतल्या पॉलिएस्टर भरणाचं वजन, ग्रॅम प्रति चौरस मीटर. ०, १००, २००, ३०० असे प्रकार येतात. निरोगी घोडा साधारण ५ ते २५ अंश तापमानात फार कष्ट न घेता अंगाची ऊब सांभाळतो. आपल्या पावसाळ्यासाठी ० ग्रॅम, म्हणजे भरण नसलेलाच रग घ्या. म्हातारा, आजारी किंवा फार रोड घोडा असेल तर मालकाला जनावरांच्या डॉक्टरांचा सल्ला घ्यायला सांगा.

३. आकडे चांगले, तरी पाणी आत का जातं?

शिवणीतून! सुई कापडाला भोक पाडते. प्रत्येक टाका म्हणजे पाण्याला एक दार. चांगल्या रगमध्ये शिवणीवर आतून टेप चिकटवलेली असते. ती नखाने हळूच उचलून बघा. कोपऱ्यात लगेच सुटली तर एका हंगामातही निघून जाईल.

दुसरं, पाठीच्या कण्यावर मधोमध शिवण नसावी. पाऊस सर्वांत जास्त तिथेच पडतो. तिसरं, पट्टे, बकल आणि कड्या जिथे शिवल्यात तिथे खाली दुहेरी कापडाचा तुकडा हवा आणि शिलाई चौकोनात फुली मारून केलेली हवी. रग फाटतो तो बहुधा अशाच ताणाच्या जागी.

४. माप चुकलं तर चांगला रगही वाया

टेप छातीच्या मधोमध धरा, खांद्याच्या टोकावरून आडवी नेत मागच्या पुठ्ठ्याच्या शेवटापर्यंत मोजा. ब्रिटिश पद्धतीचं माप फूट-इंचात असतं आणि साइज ३ इंचांनी वाढते. ६६ इंच आले तर ५ फूट ६ इंचाचा रग. युरोपातले काही कारखाने पाठीची लांबी सेंटीमीटरमध्ये मोजतात, त्यामुळे सप्लायरला 'माप कुठून कुठपर्यंत' हे आधी विचारा.

आपल्या थंड हवेच्या ठिकाणचे सवारीचे घोडे बहुतेक छोट्या चणीचे असतात. परदेशी मोठ्या घोड्यांच्या मापाचा लॉट आणलात, तर तो गोडाऊनमध्येच राहील. आधी वीस घोडे मोजा, साइजचा तक्ता बनवा, मग ऑर्डर द्या.

रग घातल्यावर घोड्याला मान खाली घालून चरू द्या. खांद्यावर ताण येतो का? मानेच्या मुळाशी जो उंचवटा असतो, तिथे घासतो का? पोटाखालच्या पट्ट्यात तळहात सहज जातो का? पट्टा फार सैल असेल तर घोडा बसताना पाय अडकतो, फार घट्ट असेल तर कातडी सोलते.

५. सॅम्पलच्या चार चाचण्या

पैसे देण्याआधी एक सॅम्पल विकत घ्या. फुकट मागू नका. फुकटचं सॅम्पल हमखास निवडून पाठवलेलं असतं.

1. पातेल्याची चाचणी. कापड पातेल्यावर सैल बांधा, वर तांब्याभर पाणी ओता, रात्रभर ठेवा. सकाळी खालून हात फिरवा. हीच चाचणी शिवणीच्या जागी परत करा.
2. वाफेची चाचणी. कपात गरम पाणी घ्या, वर कापड ताणून धरा, त्यावर काचेचा कोरडा ग्लास उपडा ठेवा. ग्लासात धुकं आलं तर वाफ आरपार जाते. ही लॅबची चाचणी नव्हे, पण ताडपत्रीसारखं कापड लगेच पकडलं जातं.
3. ओढण्याची चाचणी. प्रत्येक कडी आणि बकल जोरात ओढा. टाका करकरला की सॅम्पल बाद.
4. घोड्यावरची चाचणी. ओळखीच्या घोडेवाल्याला विनंती करून दोन तास रग घाला. मग आत हात घाला. अंग कोरडं लागलं तर पास. घामाने ओलं झालं असेल, तर लेबल काहीही म्हणो, तो रग आपल्या हवेचा नाही.

६. कोणाला विकायचं आणि कोणाला नाही

माथेरानसारख्या ठिकाणी मोटारगाड्यांना बंदी आहे, तिथे घोडा म्हणजे घरचा कमावता माणूस. महाबळेश्वर-पाचगणीचे घोडेवाले, वरातीचे घोडे ठेवणारे, रायडिंग क्लब, स्टड फार्म, हे सगळे वेगवेगळे गिऱ्हाईक आहेत. पुण्यात रेसचा हंगामच पावसाळ्यात असतो, पण रेसचे घोडे पक्क्या तबेल्यात राहतात. त्यांची गरज निराळी. नंदुरबार जिल्ह्यात दत्तजयंतीला सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा भरते. तिथे एक फेरी मारलीत तर कोण काय वापरतं ते डोळ्यांनी दिसेल.

माल कुठून घ्यायचा? घोड्याच्या सामानासाठी कानपूर प्रसिद्ध आहे, तिथून परदेशातही माल जातो. घरबसल्या फोटो बघण्यापेक्षा एकदा जाऊन कारखाना बघणं स्वस्त पडतं.

आता महत्त्वाचं. ज्याचा घोडा पावसात छपराखाली कोरडा उभा राहतो, त्याला रग विकू नका. त्याला गरज नाही आणि दमट हवेत उगाच अंग झाकून ठेवणं बरं नाही. 'दादा, तुम्हाला नको, छप्पर पुरेसं आहे' हे वाक्य एकदा बोलून बघा. तोच माणूस पुढच्या वेळी चार गिऱ्हाईकं पाठवेल.

७. हिशेब मांडा

खालचे आकडे फक्त पद्धत समजावी म्हणून घेतलेत. तुम्ही तुमच्या कोटेशनचे टाका.

समजा, स्वस्त रग १,८०० रुपयांना, टिकतो एक पावसाळा. चांगला रग ४,५०० रुपयांना, टिकतो तीन पावसाळे. मधल्या दोन हंगामांत धुऊन पुन्हा वॉटरप्रूफिंग करायला प्रत्येकी ४०० रुपये. चांगल्या रगचा एकूण खर्च ५,३०० रुपये, म्हणजे एका हंगामाला सुमारे १,७६७. स्वस्ताचा १,८०० रुपये. बघा, फरक जेमतेम ३३ रुपये!

मग घोडेवाल्याने एकदम ४,५०० का काढावेत? कारण खरा खर्च कापडात नाही, घोड्याच्या कातडीत आहे. अंग सतत ओलं राहिलं की डर्माटोफिलस नावाच्या जिवाणूमुळे पाठीवर खपल्या धरतात, केस झुबक्याने निघतात. त्यावर खोगीर चढवता येत नाही. दिवसाची कमाई ८०० रुपये धरली आणि घोडा फक्त ५ दिवस उभा राहिला, तरी ४,००० गेले. शिवाय डॉक्टर आणि औषध. गळका रग तर न घातलेल्यापेक्षा वाईट, कारण ओल अंगाला चिकटून राहते.

हा हिशेब गिऱ्हाईकासमोर कागदावर मांडा. त्याच्याच कमाईचा आकडा त्यालाच लिहायला लावा. मग किमतीवर घासाघीस कमी होते.

८. खरा धंदा विक्रीनंतर सुरू होतो

रग विकताना चार गोष्टी मराठीत छापून द्या. रोज एकदा रग काढून अंग बघा आणि खरारा करा. शक्यतो अंग कोरडं करूनच रग घाला. एकाचा रग दुसऱ्या घोड्याला घालू नका, कातडीचा आजार पसरतो. कपड्यांच्या पावडरीने, गरम पाण्यात धुऊ नका, कोटिंग खराब होतं.

वॉरंटीही स्पष्ट लिहा. शिवणीतून गळती झाली तर एक हंगाम दुरुस्ती मोफत. कुंपणाला अडकून फाटला तर दुरुस्तीचे पैसे लागतील. जेवढं निभावता येईल तेवढंच लिहा.

आणि मे महिन्यात प्रत्येक गिऱ्हाईकाला फोन करा: "काका, मृग लागायच्या आत रग धुऊन, टेप बघून, वॉटरप्रूफिंग करून देतो." या कामाला मोठं भांडवल लागत नाही. धुण्याची जागा, ब्रश, वॉटरप्रूफिंगचं द्रावण आणि जाड कापड शिवणारं मशीन पुरे. दरवर्षी फिरून येणारं उत्पन्न हेच आहे.

या आठवड्याचा गृहपाठ

- जवळच्या वीस घोड्यांची मापं घ्या आणि साइजचा तक्ता बनवा.
- पाच घोडेवाल्यांना विचारा: गेल्या पावसाळ्यात घोडा किती दिवस उभा होता आणि का?
- दोन सप्लायरकडून लेबलवरचे चारही आकडे लेखी मागवा. जो टाळाटाळ करेल, त्याचं नाव यादीतून काढा.
- एकच सॅम्पल घ्या आणि चारही चाचण्या करून निकाल वहीत लिहा.

चारपैकी एका चाचणीत जरी सॅम्पल नापास झालं, तरी लॉटची ऑर्डर देऊ नका. एका सॅम्पलचे पैसे गेले तर ती फी समजा. लॉट अंगावर पडला तर हंगाम जातो आणि नावही जातं.

भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत टेप घ्या आणि कामाला लागा!