वीज येते कोठून?

वडीगोद्रीच्या शिवारात एकमेकांना भेटले की पहिला प्रश्न, "लाइट आली का?" विहिरीत पाणी आहे, पंप आहे, पण लाइट नाही तर पीक कोरडे. ही लाइट तयार कोठे होते, ते आज आपण पाहू.

सायकलचा डायनामो तुम्ही पाहिला असेल. चाक फिरले की दिवा लागतो. चाक थांबले की दिवा विझतो. वीजघरातही असेच. तेथे मोठे जनित्र असते. त्यात लोहचुंबक आणि तांब्याच्या तारांची वेटोळी असतात. चुंबक फिरला की तारांत वीज येते. पण एवढे अवजड यंत्र फिरवायचे कोणी?

पैठणला पाणी फिरवते. ज्या जायकवाडी धरणाचा कालवा आपल्या अंबड तालुक्यात येतो, त्याच्याच पायथ्याशी १२ मेगावॅटचे वीजघर आहे. एवढ्या विजेवर ५ हॉर्सपॉवरचे सुमारे ३,००० पंप एका वेळी चालतील. ऐकायला पुष्कळ, पण जिल्ह्याला ते कोठले पुरणार? कोयनेचे वीजघर १९६२ साली सुरू झाले. ते आज याच्या शंभरपटीहून मोठे आहे.

परळीला कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात. वाफ पाती फिरवते. त्या कामाला पाणीही फार लागते. २०१३ साली आणि पुन्हा २०१५ साली पाणी आटले, तेव्हा परळीचे केंद्र बंद ठेवावे लागले. दुष्काळ विजेलाही सोडत नाही, बरे का!

ही सारी वीज तारांच्या एकाच जाळ्यात येते. ज्वारी कणगीत भरून ठेवता येते, तशी तारेत वीज साठत नाही. जेवढी खर्च होते, तेवढी त्याच क्षणी तयार करावी लागते. म्हणून शेतीपंपांना पाळी लावतात. रात्रीची पाळी आली की अंधारात, विंचूकाट्यात दारे धरायला जावे लागते. ऊन दिवसाच असते. म्हणून आता शेतीसाठी सौर वीज वाढवीत आहेत.

पाळीची लाइट आली की ऑटो स्विचमुळे सगळे पंप एकदम सुरू होतात. सुरू होताना मोटार नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वीज ओढते. सारा भार डीपीवर पडतो आणि ऐन रब्बीत डीपी जळते. एका डीपीवरच्या शेतकऱ्यांनी थोड्या थोड्या वेळाने पंप सुरू केले, तर ती टिकते. आणि फ्यूज गेला तरी स्वतः डीपीवर चढू नका, वायरमनला बोलवा. वरच्या तारांत ११,००० व्होल्ट असतात.