गुडघेदुखी, हालचाल आणि रात्रीची झोप

उतारवयात गुडघ्यातील कूर्चा झिजते आणि वेदना सुरू होतात. विश्रांतीने बरे वाटेल या समजुतीने अनेक ज्येष्ठ दिवसभर बसून राहतात. त्यामुळे मांडीचे स्नायू दुर्बल होऊन सांध्यावरील भार वाढतो व न थकलेल्या शरीराला गाढ झोप लागत नाही. अपुऱ्या झोपेने वेदना अधिकच तीव्र भासतात. झोपेच्या गोळीने हे दुष्टचक्र तुटत नाही. उलट रात्री तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो.

यावर नियमित हालचाल हाच हितकर उपाय होय. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ६५ वर्षांवरील व्यक्तींना आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सुचविला आहे. आरंभी रोज दहा मिनिटेही पुरेत.

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन येथील ज्येष्ठांनी ओहोटीच्या वेळी ओल्या, घट्ट वाळूवर चालावे. भुसभुशीत वाळू टाळावी. ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. ती गैरसोयीची असेल तेव्हा सपाट रस्ता निवडावा. व्यायामानंतर दोन तासांनीही वेदना वाढलेलीच राहिल्यास दुसऱ्या दिवशी प्रमाण कमी करावे, परंतु चालणे सोडू नये. सांधा सुजून गरम झाल्यास मात्र डॉक्टरांना दाखवावे. काही आठवड्यांच्या सातत्यानेच वेदना व झोप यांत फरक जाणवू लागतो.