मायक्रोला प्रवेश घेताय? आधी जर्नल मागा

‘नीटमध्ये मार्क कमी पडले, आता मायक्रो (मायक्रोबायोलॉजी) घ्यावं का?’ हा प्रश्न बहुधा आईवडीलच विचारतात. मूल शेजारी गप्प बसलेलं असतं. त्यांना हवी असते नोकरीची हमी. ती कोणीच देऊ शकत नाही. मी त्यांना कॉलेजचं मातीचं प्रॅक्टिकल बघून यायला सांगतो.

हे प्रॅक्टिकल दिसायला साधं. आवारातल्या कडुनिंबाखालचा पालापाचोळा बाजूला सारून थोडी खालची माती निर्जंतुक पिशवीत घ्यायची. एक ग्रॅम माती नऊ मिलिलिटर निर्जंतुक पाण्यात ढवळायची, त्यातलं एक मिलिलिटर पुढच्या नळीत, असं दहा-दहा पटींनी विरळ करत जायचं. सुपीक मातीच्या एका ग्रॅममध्ये कोट्यवधी जिवाणू असतात, म्हणून हा खटाटोप. मग ते पाणी पोषक माध्यमाच्या प्लेटवर पसरायचं. तिच्यावर जिवाणूंच्या ३० ते ३०० वसाहती आल्या तर त्या मोजायच्या. जास्त असल्या तर मोजणीला अर्थ नाही. बरेच जिवाणू दोन दिवसांत दिसतात. ॲक्टिनोमायसिटीज गटातले जिवाणू मात्र आठवडाही घेतात आणि मग खडूच्या भुकटीसारख्या कोरड्या वसाहती उमटतात. घाईने प्लेटा धुणाऱ्याला त्या दिसतच नाहीत. पहिल्या पावसात मातीला येणारा वास प्रामुख्याने यांचाच. (तो हुंगायला प्लेट नाकाशी न्यायची नाही, हेही इथेच शिकायचं.)

याच गटातल्या मातीतल्या जिवाणूपासून १९४३ साली अमेरिकेतल्या रटगर्समध्ये अल्बर्ट शाट्झ या २३ वर्षांच्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने स्ट्रेप्टोमायसिन वेगळं केलं. क्षयरोगावरचं ते पहिलं प्रभावी प्रतिजैविक. १९५२चं नोबेल मात्र एकट्या मार्गदर्शकाला, सेलमन वाक्समनना मिळालं. आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्येही ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’पासून हॅमायसिन हे बुरशीनाशक औषध निघालं.

आता पोटापाण्याचं. औषध कंपनीच्या क्यूसीत (गुणवत्ता तपासणी विभागात) मायक्रोवाल्याचं बरंचसं काम हेच: पाण्यातले, हवेतले जिवाणू मोजणं, इंजेक्शन निर्जंतुक आहे का ते तपासणं. दुग्धशाळा, सांडपाणी प्रकल्प, सोयाबीनच्या बियाण्याला चोळायच्या रायझोबियम जिवाणूंची पाकिटं बनवणारे उद्योग, सगळीकडे हाच हात लागतो. पालकांनी एक मात्र धरून चालावं: नुसत्या बी.एस्सी.वर सुरुवातीचा पगार बेताचाच, आणि शिफ्ट ड्युटीही करावी लागते. संशोधनात जायचं असेल तर बहुतेकांना एम.एस्सी. करावी लागते. त्यासाठी सीयूईटी-पीजी, गॅट-बी, जॅम या परीक्षांची माहिती दुसऱ्या वर्षातच काढून ठेवावी.

कॉलेजात गेलात की ऑटोक्लेव्ह (निर्जंतुकीकरणाचं यंत्र) चालू आहे का, प्लेट प्रत्येकाला मिळते की गटात एक, हे शिक्षकांना नव्हे, मुलांना विचारा. मग गेल्या वर्षीची जर्नलं, म्हणजे प्रॅक्टिकलच्या वह्या, बघायला मागा. सगळ्यांच्या वसाहतींचे आकडे एकसारखे असतील, तर त्या मुलांनी प्लेट मोजलेलीच नाही. तिथे प्रवेश घेऊ नका.