वेलिगामाच्या लाटा कुणासाठी?

प्रश्न : जानेवारीत श्रीलंकेला जातोय. मी सर्फिंगमध्ये अगदी नवखा, मुलगी बऱ्यापैकी तयार. वेलिगामा दोघांना जमेल का?

उत्तर : जमेल. नोव्हेंबर ते एप्रिल हा दक्षिण किनाऱ्याचा हंगामच, आणि तळ बहुतांशी वाळूचा. तुम्ही कमरेएवढ्या पाण्यात, फुटून फेसाळलेल्या लाटांवर आठ-नऊ फुटी फोमबोर्ड घेऊन शिका. पडताना डोक्यावर मात्र पडू नका. उथळ वाळूही मान मोडू शकते. हे प्रशिक्षकाने सांगितलं नाही, तर प्रशिक्षक बदला! मुलीने आत, लाट फुटायला लागते तिथे जावं. तिथला नियम एकच : फुटत्या टोकाच्या सर्वांत जवळ जो, लाट त्याची. वाळू सरकते तशी ही जागाही बदलते, म्हणून आधी काठावरून नीट बघून घ्या. मुलीला या लाटा मवाळ वाटल्या, तर मिडिगामा जवळच आहे. पण तिथे तळाशी खडक आहेत, तुम्ही जाऊ नका.