आधी खोली, मग स्पीकर, ॲम्प्लिफायर शेवटी

घरच्या स्टिरिओचा आवाज मनासारखा येईनासा झाला की बहुतेकांचा हात पहिल्यांदा ॲम्प्लिफायरकडे जातो. वॅट वाढले म्हणजे आवाज सुधारला, हा समज आपल्याकडे पक्का आहे. त्यापायी दहा-पंधरा हजार जातात, आणि तबल्याचा डग्गा तसाच घुमत राहतो, गाण्यातले शब्दही तसेच पुसट राहतात. नागपूरच्या महाल भागातल्या घरांपुरतं माझं स्पष्ट मत आहे: पहिला पैसा खोलीवर, दुसरा स्पीकरवर. ॲम्प्लिफायर बंद पडत नाही तोवर त्याला हात लावू नका.

महालात घरं दोन तऱ्हेची. बडकस चौकाच्या आतल्या गल्ल्यांत अजून तग धरून असलेले वाडे, आणि वाडे पाडून त्याच जागी उठलेले फ्लॅट. वाड्याच्या बैठकीत लाकडी छत, भरलेली फडताळं, खाली जाजम, त्यामुळे आवाज बराचसा जिरतो. फ्लॅटची बैठक १० बाय १२ ची, खाली गुळगुळीत टाइल्स आणि भिंती कोऱ्या. मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागून पत्र्यावर टिचकी मारल्यासारखी झणझण आली, तर गाण्यातले शब्द तिथेच हरवताहेत. जाड सतरंजी ८०० ते २,००० रुपयांत येते, एका खिडकीचे जाड पडदे दांडीसकट १,५०० ते ३,०००. पुस्तकांचं कपाट घरात असेल, तर ते स्पीकरच्या समोरच्या भिंतीला लावा. त्याला खर्च काहीच नाही.

खर्जाची गोष्ट वेगळी, तो सतरंजीने आवरत नाही. १० फुटांवरच्या समोरासमोरच्या भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झचा सूर फुगतो, १२ फुटांत ४७ चा. स्पीकर कोपऱ्यात किंवा शोकेसच्या खणात कोंबले की हा फुगवटा आणखी वाढतो. स्पीकर भिंतीपासून निदान फूटभर पुढे घ्या आणि वरची छोटी ट्विटर कानाच्या उंचीवर आणा. दोन स्पीकरमध्ये जेवढं अंतर, साधारण तेवढ्याच अंतरावर तुम्ही बसा. त्यासाठी लोखंडी स्टँडची जोडी वेल्डिंगवाला १,५०० ते २,५०० रुपयांत करून देतो. हे करतानाच मागच्या तारा तपासा. एका स्पीकरची लाल-काळी तार उलटी लागली असेल तर खर्ज पार गळून जातो आणि गायक मध्यभागी उभाच राहत नाही. आवाज बसका आहे म्हणून नवा वूफर घ्यायला निघालेल्यांनी आधी हे बघावं.

आता कूलर. नागपुरात मार्चपासून पाऊस पडेपर्यंत तो बैठकीत घरघरत असतो, आणि स्टिरिओच्या हिशेबात त्याला कोणी धरतच नाही. फोनमधल्या आवाजमापकावर जवळच्या पत्र्याच्या कूलरचा आकडा ६० डेसिबलच्या वर सहज जातो. कूलरचा आवाज १० डेसिबलने वाढला, तर गाणं त्याच्यावर तेवढंच उठवायला ॲम्प्लिफायरकडून दहापट ताकद मागावी लागते. ती ताकद विकत घेण्यापेक्षा कूलर शांत करणं कितीतरी स्वस्त. पंख्याचा बुश घासला असेल किंवा पाती वाकली असतील, तर दुरुस्ती ३०० ते ७०० रुपयांची. पायांखाली आणि खिडकीच्या चौकटीशी रबराच्या पट्ट्या लावायला १००-२०० रुपये. रेग्युलेटर असेल तर ऐकताना एक टप्पा खाली घ्या. ताट्यांमधून येणारा ओला झोत मात्र स्पीकरवर येऊ देऊ नका. भुशाच्या बोर्डाची पेटी ओल धरून फुगते आणि कागदी कोन सैल पडतात.

भिंतीला भिंत लागलेल्या गल्लीत जास्त वॅटचा उपयोग तरी किती? निवासी भागात ध्वनिप्रदूषण नियमांची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि नियम म्हणतात ती रात्र १० ला सुरू होते. ५० वॅटच्या जागी १०० वॅट आणले, तर वाढ फक्त ३ डेसिबलची. कानाला आवाज दुप्पट वाटायला १० लागतात. खोक्यावर ‘पीएमपीओ’च्या हजारांचे आकडे दिसले तर त्यांच्याकडे बघूच नका. आरएमएस वॅट किती, एवढंच विचारा. तो आकडा दुकानदाराला सांगता आला नाही, तर वस्तू तिथेच ठेवा.

खोली मार्गी लागली की स्पीकर. पैसा सगळ्यात जास्त ऐकू येतो तो इथेच. आतमध्येच ॲम्प्लिफायर असलेली बरी जोडी ८,००० ते १४,००० रुपयांत मिळते. वेगळ्या ॲम्प्लिफायरवर चालणारे, ५ इंची वूफरचे शेल्फ स्पीकर १२,००० ते २०,००० पर्यंत. त्यापुढची पायरी ३० हजारांच्या आसपास सुरू होते, आणि १० बाय १२ च्या खोलीत तिची गरज क्वचितच पडते. माहितीपत्रकात ‘सेन्सिटिव्हिटी’ बघा. ८९ डेसिबलचा स्पीकर ८६ च्या स्पीकरएवढाच वाजायला निम्मी ताकद घेतो, म्हणजे जुना ॲम्प्लिफायर तसाच चालतो.

घरातले जुने स्पीकर भंगारात काढण्याआधी पुढची जाळी उतरवून कोनच्या कडेला हलकेच बोट लावा. फोमची कडा बोटाला चिकटून भुकटी होत असेल, तर दोष तेवढाच आहे. कोन आणि कॉइल धड असले तर कडा बदलून घ्यायला एका स्पीकरला ५०० ते १,००० रुपये लागतात. नव्वदच्या दशकातल्या कित्येक चांगल्या जोड्या या एका कारणाने कबाड्याकडे गेल्या, याचं मला फार वाईट वाटतं.

सीताबर्डीच्या दुकानांत स्पीकर ऐकायला जाल तेव्हा गाणं तुमचं न्या. दुकानातल्या धडाड वाजणाऱ्या नमुन्यावर सगळेच स्पीकर छान वाटतात. गायक वसंतराव देशपांडे नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले. त्यांचं एखादं ध्वनिमुद्रण परीक्षेला लावावं. तान झपाट्याने उतरताना प्रत्येक स्वर सुटा ऐकू येतो का, मागचा तानपुरा सलग राहतो का आणि डग्ग्याची घिस्सी वर-खाली होताना कळते का, ते बघा. दोन जोड्या ऐकताना आवाजाची पातळी सारखी ठेवायला सांगा. जो स्पीकर थोडा मोठ्याने वाजतो, तो कानाला उगाच चांगला वाटतो.

ब्लूटूथवरून फोन वाजवत असाल तर खटकल्याशिवाय बदलू नका. खटकलंच, तर हजार रुपयांच्या आसपासचा छोटा डॅक (फोनमधलं डिजिटल गाणं ॲम्प्लिफायरला चालेल अशा संकेतात बदलणारी डबी) आणि साधी तार पुरेशी आहे. रेकॉर्ड ऐकणाऱ्यांनी मात्र सुई सगळ्यात आधी बदलावी, अगदी स्पीकरच्याही आधी. झिजलेली सुई खोबणी खरवडते आणि ती रेकॉर्ड पुन्हा नीट होत नाही. बऱ्याच टर्नटेबलांना १,५०० ते ३,००० रुपयांत नवी सुई बसते.

तारेवर पैसे घालवू नका. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार ५ मीटर नेली, तर जाऊन-येऊन रोध भरतो जेमतेम ०.१२ ओहम. ८ ओहमच्या स्पीकरपुढे तो नगण्य आहे. मीटरला ४० ते १०० रुपये पुष्कळ झाले.

ॲम्प्लिफायरची खोड बहुतेकदा किरकोळ निघते. बटण फिरवताना खरखर आली तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा, २०० ते ४०० रुपये. सतत हूं हूं येत असेल तर सेट-टॉप बॉक्सची तार काढून बघा. ती काढल्यावर थांबलं, तर घोळ जोडणीचा आहे. पण त्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन कापू नका, त्यात जिवाला धोका आहे. एक बाजू वारंवार जात असेल आणि मेकॅनिक कपॅसिटर बदलायला दोन-अडीच हजार सांगत असेल, तर ५,००० ते १०,००० रुपयांतले छोटे क्लास-डी ॲम्प्लिफायर अशा खोलीला भरपूर होतात.

हातात पाचच हजार असतील, तर सतरंजी, स्टँड आणि कूलरची दुरुस्ती करून थांबा. वीस असतील, तर उरलेल्यात स्पीकर बसतात. पक्कं बिल घ्या, त्यावर मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घ्या, आणि वॉरंटी भारतातल्या वितरकाची आहे का ते विचारा. बाहेरून परस्पर आणलेल्या मालाला ती बहुधा मिळत नाही. वॉरंटी असूनही टाळाटाळ झाली, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. तेव्हा बिलाचा फोटो हाताशी लागतो, म्हणून तो खरेदीच्या दिवशीच काढून ठेवा.